कॉम्प्युटरचं नेट केबलने फोनला देताय? या चुका टाळा

गावच्या घरी राउटर बंद पडला आणि ब्रॉडबँडची वायर थेट डेस्कटॉपला लावावी लागली. कॉम्प्युटरला नेटच नेट, फोन मात्र कोरडा. मी केबल जोडली, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर दिवसाचा दीड जीबीचा पॅक संपल्याचा मेसेज! विंडोजने फोनचीच वाट धरून अपडेट उतरवायला घेतला होता.

बहुतेकांची हीच पहिली चूक असते. यूएसबी टेदरिंग म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला. आपल्याला हवंय ते उलटं, रिव्हर्स टेदरिंग, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्याचं बटणच नसतं. काही जण विंडोजमध्ये कनेक्शन ‘शेअर’ करतात, कॉम्प्युटरला १९२.१६८.१३७.१ हा नेटवर्कचा पत्ताही मिळालेला दिसतो, तरी फोन ढिम्म हलत नाही. टेदरिंग चालू असलेला फोन स्वतःलाच राउटर समजतो. रूट न करता, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा न मिळवता, तो समोरून नेट घेत नाही.

कॉम्प्युटरला वायफाय असेल तर ही सगळी उठाठेव सोडा आणि विंडोज १० किंवा ११ चा मोबाइल हॉटस्पॉट लावा. आयफोन आणि मॅक असेल तर मॅकच्या इंटरनेट शेअरिंगमध्ये ‘आयफोन यूएसबी’ हा पर्याय शोधा.

माझ्या डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, म्हणून मी ‘निरेहटेट’ (Gnirehtet) हा प्रोग्राम वापरला. टेदरिंगचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा, हेच नाव मिळेल! फुकट आहे, अँड्रॉइड ५ पासून पुढे चालतं, रूट लागत नाही. ते फोनमध्ये एक व्हीपीएन, म्हणजे नेटची ये-जा आपल्याकडे वळवणारी वाट, उभं करतं आणि सगळी ये-जा एडीबीमार्फत (केबलवरून फोनला हुकूम देणारं कॉम्प्युटरवरचं साधन) कॉम्प्युटरकडे वळवतं.

इथे घोळ होतो तो आधी केबलचा. चार्जरसोबत आलेल्या काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, कॉम्प्युटरला दिसत नाही. मी अर्धा तास ड्रायव्हर बदलत बसलो होतो. मग यूएसबी डिबगिंग, म्हणजे एडीबीला फोनशी बोलू देणारी सेटिंग: फोनच्या सेटिंगमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ते सापडतं. एडीबीच्या जोडलेल्या फोनांच्या यादीत फोनपुढे ‘अनऑथराइज्ड’ (परवानगी नाही) दिसलं तर फोनचं लॉक उघडा. परवानगीची चौकट तिथे तुमची वाट बघत असते. शाओमीच्या फोनात ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ वेगळं चालू करावं लागतं.

फोनवर व्हीपीएन चालू असल्याचं किल्लीचं चिन्ह आलं, तरी पान उघडत नाही? दुसरं व्हीपीएन किंवा व्हीपीएनवर चालणारं अ‍ॅडब्लॉकर बंद करा, अँड्रॉइडवर एका वेळी एकच चालतं. ऑफिसच्या नेटवर गूगलचा ८.८.८.८ हा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) अडवलेला असू शकतो. निरेहटेट मुळात तोच वापरतं, त्यामुळे सुरू करताना ऑफिसचा डीएनएस द्यावा लागतो. आणि पिंग करून, म्हणजे समोरच्या सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघून, तपासू नका. निरेहटेट फक्त टीसीपी आणि यूडीपी या दोन प्रकारचा डेटा पोचवतं, पिंग त्यांत येत नाही, त्यामुळे नेट चालू असतानाही पिंग अडतोच. सरळ ब्राउझर उघडा.

कॉम्प्युटरवर निरेहटेट ज्या काळ्या खिडकीत चालतं, ती मात्र बंद करायची नाही, ती गेली की नेटही गेलं. लॅपटॉप असेल तर तो झोपी जाणार नाही हेही बघा.

काम झाल्यावर डिबगिंग आठवणीने बंद करा. मी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यासमोर बँकेचं अ‍ॅप उघडेना. शेवटी खिशातली चिल्लर मोजावी लागली.