कुत्रा लवकर शिकतो, हँडलरला वेळ लागतो

श्वानपथकात हँडलर म्हणून, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्याकडून काम करून घ्यायला, नव्याने येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, मला कुठला कुत्रा मिळणार?" जर्मन शेफर्ड की बेल्जियन मॅलिनॉईस, तयार की कोरा, नर की मादी. मी उत्तर देत नाही, आणि सुरुवातीचे काही दिवस त्याच्या हातात पट्टाही देत नाही. केनेल धुवायचं, खाणं मोजायचं, मागावर चालायच्या सरावात दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी झुडपात जाऊन लपायचं आणि उरलेल्या वेळात कडेला उभं राहून बघायचं. बघितलेलं वहीत लिहायचं. 'कुत्रा शोधत होता' असं वाक्य वहीत दिसलं की मी खोडतो. शेपटीची गती कधी बदलली? तोंड कधी मिटलं? पुढे गेलेला कुत्रा मान वळवून मागे कुठे आला? हे लिही.

काहींना यात अपमान वाटतो. कुत्र्यांची आवड आहे म्हणून आलो आणि हातात झाडू आला, अशी तक्रार कानावर येते. पण नुसती आवड असणारे या कामात फार टिकत नाहीत. रोज तेच तेच बघायचा कंटाळा ज्यांना येत नाही, ते टिकतात.

अमली पदार्थ शोधण्याचं काम आधी समजून घेऊ, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. सगळ्यात जुना गैरसमज असा की या कुत्र्यांना त्या पदार्थाचं व्यसन लावलेलं असतं. हे साफ खोटं आहे. पदार्थ कुत्र्याच्या पोटात जाणं म्हणजे विषबाधा, आणि ते होऊ नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो. कुत्र्याला हवा असतो त्याचा चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल. अमुक वास सापडला की चेंडू मिळतो, एवढाच व्यवहार त्याच्या डोक्यात बसवलेला असतो. म्हणून निवड करताना कुत्र्याचं नाक आम्ही फारसं तपासत नाही. नाक बहुतेकांचं पुरेसं असतं. तपासतो ती चेंडूची ओढ. उंच गवतात चेंडू फेकला आणि दिसेनासा झाला, तर किती वेळ शोधतो? निसरड्या फरशीवर, अंधाऱ्या जिन्यात, मोठा आवाज झाल्यावर शोध सोडून देतो का? सोडणारा कुत्रा घरात राहायला उत्तम, आमच्या कामाचा नाही.

आता नाकाबद्दल. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी साधारण पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. पण या आकड्यापेक्षा हँडलरला उपयोगी पडते ती श्वासाची पद्धत. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा हवा आत ओढतो, आणि सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून कडेला जातो. त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा मात्र असं हुंगू शकत नाही. उन्हात दमलेल्या कुत्र्याला 'शोध, शोध' म्हणत ढकलण्यात काही अर्थ नसतो. त्याला सावलीत न्या, पाणी द्या, श्वास बसू द्या. कसलेल्या हँडलरचं लक्ष कुत्र्याच्या तोंडाकडे असतं. धाप थांबून तोंड मिटलं, की हवेत काहीतरी आलंय.

आणि कुत्रा नेमका कशाचा वास घेतो? पुडीतल्या भुकटीचा नव्हे, तिच्यातून उडणाऱ्या रसायनांचा. कोकेनमधून मिथाइल बेंझोएट उडतं, हेरॉईनला ॲसेटिक ॲसिडचा म्हणजे व्हिनेगरसारखा वास असतो, एमडीएमए या नशेच्या गोळीतून पायपेरोनाल येतं. हे पाठ करायची गरज नाही, पण त्यातून निघणारी शिस्त अंगवळणी पडलीच पाहिजे. सरावाचा प्रत्येक नमुना वेगळ्या हवाबंद डब्यात आणि प्रत्येकासाठी वेगळे हातमोजे. गांजा आणि कोकेन एकाच पेटीत ठेवलं तर काही दिवसांत दोन्हींना एकमेकांचा वास लागतो, आणि कुत्रा नेमकं काय शिकला हे कुणालाच सांगता येत नाही.

याहून चोरटी चूक पिशवीची. सरावाचा माल नेहमी एकाच प्रकारच्या प्लास्टिक पिशवीत असेल, तर काही कुत्रे पिशवीच शिकतात. सरावात शंभर टक्के, मैदानात भोपळा. म्हणून लपवलेल्या नमुन्याच्या आसपास रिकाम्या पिशव्या, चिकटपट्टी, नवे हातमोजे, खाऊ आणि हो, नवा कोरा चेंडूसुद्धा ठेवायचा. त्या सगळ्यांना हुंगून कुत्रा पुढे गेला पाहिजे. मालाचं प्रमाणही बदलत राहायचं. कायम चिमूटभर मालावर तयार झालेला कुत्रा पोतंभर मालासमोर गोंधळतो. वास सगळीकडून येत असतो आणि त्याला उगम सापडत नाही. तो गोल गोल फिरतो आणि हँडलर म्हणतो, "आज याचा मूड नाही." नमुना ठेवून किती वेळ झाला यानेही फरक पडतो. नुकताच ठेवलेला नमुना जवळ जाऊन हुंगावा लागतो. तासाभराने त्याचा वास दाराच्या फटीतून, छताच्या कडेने, पंख्याच्या झोताबरोबर भलतीकडेच पोचलेला असतो. खोलीत शिरण्याआधी हवा कुठून कुठे वाहतेय हे बघायची सवय लावा. टाल्कम पावडरची एक फुंकर पुरते.

माल सापडल्यावर कुत्र्याने काय करायचं, याच्या दोन रीती आहेत. जुनी म्हणजे पंजाने ओरबाडणं. आता बहुतेक ठिकाणी शांत खूण पसंत करतात: बसायचं किंवा नाक उगमाकडे ठेवून थिजायचं. ओरबाडण्याने सामानाचं नुकसान होतं, पुडी फुटते, आणि फेंटानिलसारखा अगदी थोड्या प्रमाणातही घातक अमली पदार्थ असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. असं झालंच तर नॅलॉक्सोन हे फेंटानिलचा असर उतरवणारं औषध कुत्र्यांवरही चालतं. पशुवैद्याकडून ते द्यायला शिकून घ्या आणि जवळ ठेवा.

इथवरचं कुत्र्याचं शिक्षण काही आठवड्यांत रुळावर येतं. यापुढे माणसाची पाळी येते, आणि ती लांबते.

कुत्रा माल शोधतो त्याच्या कितीतरी आधी हँडलरला वाचायला शिकतो. तुम्ही जिथे पावलं हळू करता, जिथे पट्टा किंचित ताठ होतो, जिथे नकळत दुसऱ्यांदा बोट दाखवता, तिथे त्याला कळतं की साहेबांना इथे काहीतरी हवंय. काही जणांचा हात आपसूक चेंडूच्या खिशाकडे जातो आणि त्या क्षणी कुत्रा बसतो. हँडलर खूश, कुत्रा खूश, पेटीत काहीच नाही. याला कुत्र्याचा खोटेपणा म्हणू नका. चेंडू मिळवायची सगळ्यात सोपी वाट त्याला सापडली, एवढंच.

याचा पुरावा हवा असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतला 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. 18 हँडलर आणि त्यांचे कामावरचे कुत्रे घेतले. हँडलरना सांगितलं की खोल्यांमध्ये माल असू शकतो आणि लाल कागद दिसेल तिथे तो आहे. प्रत्यक्षात कुठल्याच खोलीत काही नव्हतं. 144 शोधांपैकी फक्त 21 शोध कोरे सुटले. बाकी सगळ्यांत हँडलरने 'कुत्र्याने खूण दिली' असं कळवलं. खोल्यांमध्ये सॉसेजची आमिषंही लपवली होती, पण जास्त खुणा मिळाल्या त्या लाल कागदापाशी. सॉसेजचा मोह कुत्र्याला, कागदाचा माणसाला. आमच्या धंद्यातल्या काहींना हा प्रयोग आवडत नाही, त्याच्या पद्धतीवर ते आक्षेपही घेतात. मी मात्र नव्या तुकडीला तो पहिल्याच आठवड्यात सांगतो.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही कंटाळवाणे. पहिला, माल कुठे आहे हे हँडलरला माहीत नसलेला सराव. त्याच्याही पुढे, खोलीतल्या कुणालाच माहीत नसलेला सराव. माहीत असलेला परीक्षक खोलीत असेल तर त्याचा चेहरा वाचणारे कुत्रेही असतात, आणि हँडलर तर असतातच. दुसरा, कोरे शोध. दहा गाड्या तपासायच्या आणि एकीतही काही नाही. 'काही नाही' असं ठामपणे सांगून बाहेर येणं हे काम आहे, अपयश नव्हे. नव्या माणसाला ते फार जड जातं. सहाव्या-सातव्या गाडीला तो अस्वस्थ होतो, आठवीच्या दाराशी रेंगाळतो आणि कुत्रा बिचारा त्याच्या समाधानासाठी बसतो. कोऱ्या शोधानंतर कुत्र्याचा हिरमोड होऊ नये म्हणून दुसरीकडे एक सोपा नमुना देऊन चेंडूवर दिवस संपवायचा.

गस्तीच्या कुत्र्याचं काम बाहेरून जास्त थरारक दिसतं. पोलिसांनी पद्धतशीरपणे कुत्रे तयार करायला सुरुवात केली ती बेल्जियममधल्या गेंट शहरात, 1899 मध्ये, आणि तीही रात्रीच्या गस्तीसाठीच. आजही या कुत्र्याचा बराचसा वेळ आज्ञापालन, माग काढणं, मोकळ्या जागेत किंवा इमारतीत लपलेला माणूस हुडकणं यात जातो. चावा हा त्यातला लहान भाग, पण सगळ्यांना बघायचा असतो तोच.

चावा शिकवणारा खरा मास्तर म्हणजे डिकॉय, जाड बाही किंवा पूर्ण सूट घालून समोर उभा राहणारा माणूस. चांगला डिकॉय कुत्र्याला धीर देतो, पूर्ण जबड्याने शांत पकड घ्यायला शिकवतो, योग्य क्षणी हार मानतो. वाईट डिकॉय चांगला कुत्रा महिन्याभरात बिघडवतो. नेहमी त्याच बाहीवर सराव केला की कुत्रा बाहीच्याच प्रेमात पडतो. समोर बाही नसलेला माणूस आला की घुटमळतो. म्हणून कपड्याखाली लपवलेली बाही, वेगवेगळे डिकॉय, मुसक्या घालून केलेला सराव हे सगळं आलटून पालटून करायचं.

पण माझ्या लेखी गस्तीच्या कुत्र्याची खरी परीक्षा सोडण्यात आहे. 'आऊट' म्हटल्यावर एका हाकेत पकड सुटते का? धावत सुटलेला कुत्रा, समोरच्याने हात वर केले म्हणून अर्ध्या वाटेतून परत बोलावला, तर येतो का? जो येत नाही तो कितीही शूर असला तरी रस्त्यावर नेण्याच्या लायकीचा नाही. काही पथकांत कुत्र्याला माणूस सापडल्यावर भुंकून रोखून धरायला शिकवतात, काहींत थेट पकडायला. कुठली पद्धत बरी यावर वाद चालूच असतो. दोन्हींत कुत्रा सोडायचा निर्णय हँडलरचा आणि जबाबदारीही त्याचीच. आधी मोठ्याने इशारा द्यायचा, समोरच्याला शरण यायला वेळ द्यायचा, आसपास दुसरं कुणी नाही ना हे बघायचं. आवाज किरटा होऊ द्यायचा नाही. घाबरलेल्या हँडलरचा आवाज चढतो आणि कुत्रा त्यानेच पेटतो. हाकेचा सराव कुत्र्याशिवाय, एकट्याने करा. लोक हसतील, हसू द्या.

एकच कुत्रा गस्त आणि अमली पदार्थ ही दोन्ही कामं करू शकतो. शेफर्ड आणि मॅलिनॉईस बरेचदा करतात. लॅब्राडोर आणि स्पॅनिएल सहसा फक्त नाकाचं काम करतात आणि गर्दीत लोक त्यांना बिचकत नाहीत. अमली पदार्थ आणि स्फोटकं मात्र एका कुत्र्याला कधीच शिकवत नाहीत. तो बसला तर गाडी उघडायची की इमारत रिकामी करायची, हे कसं ठरवणार? तसंच, शिकवलेला वास विसरवणं फार अवघड असतं. जिथे गांजा कायदेशीर झाला तिथे गांजावर तयार झालेले चांगले कुत्रे त्यामुळेच अडचणीत आले.

नोंदवही हा विषय रटाळ, तरी तो टाळता येत नाही. रोज काय शोधलं, किती प्रमाण, किती वेळ ठेवलं होतं, हँडलरला माहीत होतं की नाही, कुत्रा चुकला कुठे. चुका लिहायला लोक कचरतात. पण एकही चूक नसलेली वही वाचली की पहिली शंका वहीचीच येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये फ्लोरिडा विरुद्ध हॅरिस या खटल्यात नियंत्रित परिस्थितीतल्या प्रशिक्षणाला आणि प्रमाणपत्राला मैदानातल्या नोंदींपेक्षा जास्त वजन दिलं. कारण साधं आहे: रस्त्यावर कुत्रा बसला आणि काही सापडलं नाही, तर तो चुकला की कालपर्यंत तिथे असलेल्या मालाचा वास राहिला होता, हे कळत नाही. सरावात कळतं. प्रत्येक देशाचे कायदे वेगळे. आपल्याकडे तुमच्या साक्षीत काय विचारलं जाईल हे आधीच वरिष्ठांकडून समजून घ्या.

तब्येतीचं थोडक्यात. बंद गाडीत कुत्रा सोडून जायचं नाही, दोन मिनिटंही नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो, तो तासाभरात जीव घेऊ शकतो. म्हणून खाण्याच्या आगेमागे जोराचा व्यायाम नको. पोट ताठ, उलटीचा नुसता उमाळा, अस्वस्थ येरझाऱ्या असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पंजे, कान, दात, हिरड्या रोज बघा.

प्रमाणपत्राची परीक्षा जवळ आली की नवे हँडलर सराव दुप्पट करतात. उलट करा. आदल्या दिवशी एकच सोपा शोध, एकच चेंडू, बस. परीक्षेच्या जागी लवकर पोचा, कुत्र्याला फिरवा, शी-शू होऊ द्या, हवेची दिशा बघा. परीक्षकाने 'सुरू करा' म्हटल्यावर पहिल्या मिनिटात घाई करू नका; शोधाचा क्रम मनात ठरवा आणि तो मोडू नका. कुत्रा एखाद्या जागी परत परत जात असेल तर पट्टा सैल सोडा, तोंड बंद ठेवा आणि त्याला त्याचं काम पूर्ण करू द्या. चेंडूचा हात पाठीमागे.