निगेटिव्ह आयन बीम मोजताय? मग या चुका टाळा

इटर या फ्यूजन रिअ‍ॅक्टरच्या, प्लाझ्मा तापवायला न्यूट्रल अणूंचा झोत आत सोडणाऱ्या एकेका इंजेक्टरला १ एमईव्हीचा, ४० अँपिअरचा ड्युटेरियम बीम हवाय, आणि एवढ्या एनर्जीला पॉझिटिव्ह आयन जवळपास न्यूट्रल होतच नाहीत म्हणून हा निगेटिव्ह आयनांचा (एक जादाचा इलेक्ट्रॉन चिकटलेल्या अणूंचा) सगळा खटाटोप. मशीन मोठं असो की टेबलाएवढं, नवीन पोरं मोजताना चुका मात्र त्याच करतात.

पॉवर सप्लायवर दिसला तो बीम करंट, असं धरून चालू नका!! सोर्समधून आयनांसोबत इलेक्ट्रॉनही ओढले जातात, एक्स्ट्रॅक्शन ग्रिडमधले मॅग्नेट त्यातले बहुतेक तिथेच पाडतात, पण पुढे गॅसला धडकून काही आयनांचा जादाचा इलेक्ट्रॉन सुटतो (जेमतेम ०.७५ ईव्हीने चिकटलेला, सुटणारच) आणि तोही त्याच आकड्यात येऊन बसतो. मी कॅलरीमीटर (बीम किती उष्णता टाकतो ते मोजणारं) बघितल्याशिवाय आकडा तोंडातून काढत नाही.

आता माझं जुनं दुखणं, डॉप्लर शिफ्टचा अँगल. बीममधल्या अणूंच्या वेगामुळे त्यांच्या उजेडाची वेव्हलेंग्थ सरकते, किती सरकली त्यावरून एनर्जी काढतात, पण ती बघण्याच्या अँगलवरही ठरते. हायड्रोजनची एच अल्फा लाइन ६५६.२८ नॅनोमीटरला, बीम ५० केव्हीचा, ५० अंशातून बघितलं तर ती साधारण ४.४ नॅनोमीटर सरकायला हवी. आमच्याकडे कमी सरकायची, हिशोब केला की एनर्जी ४८ केव्ही यायची. दोन आठवडे आम्ही एचव्ही डिव्हायडरला (हाय व्होल्टेज मोजणाऱ्या सर्किटला) शिव्या घातल्या, उघडला, परत कॅलिब्रेट केला, एकाने तर नवीन लॉस मेकॅनिझमच शोधून काढलं आणि स्लाइडपण बनवली. शेवटी चेंबर उघडल्यावर मी फायबरच्या दुसऱ्या टोकातून लेझर पॉइंटर मारला, तर मीटरभरावर ठिपका खुणेच्या बोटभर बाजूला! लेन्स होल्डरचा एक ग्रब स्क्रू ढिला, एक अंश इकडेतिकडे, दोन केव्ही गायब. तेव्हापासून चेंबर उघडला की आधी लेझर मारतो आणि ठिपक्याचा मोबाइलवर फोटो काढतो. ड्रॉइंगवर अँगल लिहिलाय म्हणणाऱ्याला मी पाना देऊन वर चढवतो.

त्याच लाइनच्या रुंदीवरून डायव्हर्जन्स (बीम किती फाकतो ते) काढणार असाल तर लेन्स पूर्ण उघडी ठेवू नका. इटरला ७ मिलिरेडियनच्या आत हवं, आणि दीड मीटरवरची ५ सेंटिमीटरची लेन्स एकटीच ३३ मिलिरेडियन व्यापते, मग नक्की मोजताय काय, बीम की लेन्स? आयरिस लावा, उजेड कमी पडेल, एक्सपोजर वाढवा आणि गप बसून वाट बघा.

फॅराडे कप (बीम पकडून करंट मोजणारा धातूचा कप): पॉझिटिव्ह बीमवरून आलेल्यांनो, बीम आदळून कपातून सेकंडरी इलेक्ट्रॉन उडाले की इथे करंट वाढत नाही, कमी दिसतो, कधी तर साइनच उलटतो. एका पठ्ठ्याने तसं झाल्यावर सरळ वायरी उलट्या जोडल्या. सप्रेसर (ते इलेक्ट्रॉन कपात परत ढकलणारा इलेक्ट्रोड) लावा रे.

वॉटर कॅलरीमेट्रीत (थंड करणारं पाणी किती तापलं त्यावरून बीमची ऊर्जा काढतात) पल्स संपला म्हणून इंटिग्रेशन थांबवू नका, गरम पाणी अजून पाइपातच असतं.

आणि सिझियमचं (जास्त निगेटिव्ह आयन मिळावेत म्हणून सोर्समध्ये सोडतात ते, स्थिरावायला वेळ घेतं) ओव्हन सकाळी चालू करून संध्याकाळी करंटचा आकडा मेल करणारे जे आहेत ना, त्यांचे मेल मी पुढच्या आठवड्यात उघडतो, तोवर त्यांचा दुसरा मेल आलेला असतो, पहिला आकडा धरू नका म्हणून.