डॅशबोर्डवरच्या रिकाम्या खाचेत जुना स्विच बसवून पायांजवळचे दिवे कसे जोडावेत

अनेक गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक-दोन कोरी प्लास्टिकची झाकणे दिसतात. वरच्या व्हेरिएंटमध्ये त्याच जागी फॉग लॅम्पचा किंवा मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरचा स्विच असतो. डॅशबोर्डचा साचा दोन्हींना एकच असल्यामुळे खाच तशीच राहते. त्याच मॉडेलचा जुना मूळ स्विच मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात शोधता येतो. तो झाकणाच्या जागी घट्ट बसतो आणि बाहेरून चिकटवलेल्या कोणत्याही बटणापेक्षा कितीतरी नीटस दिसतो. अशा स्विचवर चारही आसनांच्या पायांजवळचे एलईडी दिवे चालवण्याची पद्धत येथे दिली आहे.

या कामात दोन गोष्टींवर तडजोड करू नये. गाडीच्या मूळ वायरिंगची एकही वायर कापू किंवा सोलू नये, आणि दिव्यांचा प्रवाह जुन्या स्विचमधून वाहू देऊ नये. अलीकडच्या गाड्यांतले बरेच स्विच केवळ नियंत्रक संगणकाला इशारा देण्यासाठी बनवलेले असतात. त्यांचे आतले संपर्क इतके नाजूक असतात की थोडा जास्त प्रवाह गेला तरी ते जळतात. म्हणून स्विचने फक्त रिलेला (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला) चालू-बंद करावे आणि दिव्यांचा भार रिलेने उचलावा.

स्विच ओळखणे

वायर हातात घेण्यापूर्वी स्विच टेबलावर ठेवून मल्टिमीटरने तपासावा, कारण पुढची सगळी जोडणी याच तपासणीवर उभी राहते. प्रथम बटण दाबून पाहावे. दाबल्यावर ते आत अडकून राहत असेल आणि पुन्हा दाबल्यावर सुटत असेल, तर आपल्या कामासाठी तो योग्य आहे. बोट उचलताच ते मूळ जागी येत असेल, तर तो क्षणिक स्विच आहे. डिफॉगरचे स्विच बहुधा या प्रकारचे असतात. अशा स्विचवर साधा रिले टिकून राहत नाही. त्याला प्रत्येक दाबासरशी स्थिती बदलणारे स्वतंत्र मॉड्यूल लागते, त्यामुळे नवख्याने अडकणारा स्विचच शोधावा.

यानंतर मीटर कंटिन्युटीवर (दोन टोके जोडलेली असल्यास आवाज देणाऱ्या स्थितीत) ठेवून मागच्या पिनांच्या जोड्या एकेक करून तपासाव्यात. जी जोडी बटण दाबलेले असताना आवाज देते आणि सोडल्यावर गप्प होते, ती मुख्य संपर्काची जोडी समजावी. उरलेल्या पिना बहुधा स्विचमधल्या दिव्यांच्या असतात: एक रात्री चिन्ह उजळण्यासाठी आणि दुसरा स्विच चालू असल्याचे दाखवण्यासाठी. हा दिवा एलईडी आहे की बल्ब हे ठाऊक नसल्यास १ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) मालिकेत जोडून १२ व्होल्ट द्यावेत. एलईडी असेल तर तो एकाच दिशेने पेटेल आणि त्यावरून धन-ऋण बाजू कळेल. कोणत्याही दिशेने काहीच पेटले नाही, तर तो बल्ब असू शकतो. तेव्हा मीटरने त्या पिनांमधला रोध मोजावा. सापडलेल्या पिनांची आकृती लगेच कागदावर काढून ठेवावी.

दिव्यांचा हिशेब

बाजारात मिळणाऱ्या ३५२८ प्रकारच्या, मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीचा भार मीटरमागे सुमारे ४.८ वॉट असतो. ती दर तीन एलईडींवर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरवर कापता येते. प्रत्येक आसनाच्या पायांजवळ ३० सेंटिमीटरचा तुकडा धरला तर एकूण १.२ मीटर पट्टी लागते, भार ५.७६ वॉट आणि १२ व्होल्टला प्रवाह सुमारे ०.४८ अँपिअर होतो. पायांजवळ इतका उजेड पुरतो. ५०५० प्रकारची पट्टी याच्या तिप्पट वीज घेते आणि रात्री काचेवर तिचे प्रतिबिंब पडून चालकाला त्रास होतो.

येथे एक बाब फार वेळा दुर्लक्षिली जाते. पट्टी १२ व्होल्टसाठी बनवलेली असते, पण इंजिन चालू असताना गाडीतला दाब सुमारे १४ व्होल्टपर्यंत जातो. पांढऱ्या पट्टीत तीन एलईडी मालिकेत असतात आणि त्यांवर मिळून साधारण ९ व्होल्ट पडतात. उरलेले ३ व्होल्ट पट्टीवरच्या बारीक रोधकाने पेलायचे असतात. दाब १४ झाला की त्याच रोधकावर ५ व्होल्ट येतात, म्हणजे प्रवाह जवळजवळ पावणेदोनपट आणि उष्णता पावणेतीनपट होते. काही महिन्यांत पट्टीचे तुकडे लुकलुकू लागतात, ते बहुतांशी याच कारणाने. उपाय स्वस्त आहे: सर्व पट्ट्यांच्या सामाईक धन वायरमध्ये ४.७ ओहम, ५ वॉटचा पांढरा सिरॅमिक रोधक घालावा. वरच्या भाराला तो इंजिन चालू असताना प्रवाह पुन्हा ०.४८ अँपिअरच्या आसपास आणतो आणि स्वतः सुमारे १ वॉट उष्णता घेतो. तो गरम होतो, त्यामुळे गालिच्याला किंवा प्लास्टिकला टेकवू नये, धातूच्या पट्टीवर बसवावा.

जोडणी

वीज थेट बॅटरीवरून न घेता चावी बंद झाल्यावर तुटणाऱ्या सर्किटवरून घ्यावी. दिवे आणि रिले मिळून सुमारे ०.६५ अँपिअर घेतात. ते रात्रभर, १० तास चालू राहिले तर ६.५ अँपिअर-तास जातात, आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. १२ व्होल्टच्या चार्जिंग सॉकेटचा फ्यूज यासाठी सोयीचा असतो. एअरबॅग, ब्रेक किंवा इंजिन नियंत्रणाच्या फ्यूजला मात्र हात लावू नये.

फ्यूज काढून, चावी ऑन करून, खाचेच्या कोणत्या बाजूला १२ व्होल्ट मिळतात ते पाहावे. मग तिथे फ्यूज टॅप, म्हणजे एका फ्यूजच्या जागेतून दुसरे सर्किट काढून देणारा जोड, बसवावा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो, तो जिवंत बाजूला यायला हवा. उलटा बसवल्यास नव्या सर्किटचाही प्रवाह जुन्या फ्यूजमधून जातो. टॅपच्या पायांलगतच्या जागेत मूळ फ्यूज परत लावावा आणि दुसऱ्या जागेत नव्या सर्किटसाठी ३ अँपिअरचा फ्यूज ठेवावा, पण तो जोडणी पूर्ण होईपर्यंत घालू नये.

आता चावी बंद करून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण वायर काढावी. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या. त्यांच्याजवळून नवी वायर नेऊ नये. बाकी सर्व जोडण्यांना ०.५ चौरस मिलिमीटरची, वाहनांसाठी मिळणारी तांब्याची वायर पुरते.

टॅपवरून आलेल्या वायरचे दोन फाटे करावेत. एक रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला आणि दुसरा स्विचच्या मुख्य संपर्काच्या एका पिनेला जोडावा. संपर्काच्या दुसऱ्या पिनेवरून वायर रिलेच्या ८६ ला न्यावी आणि ८५ ला बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्याशी जोड) द्यावा. रिलेमध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर १एन४००७ डायोड ८५ आणि ८६ यांच्यामध्ये जोडावा. त्याची पांढरी पट्टी ८६ कडे असावी. रिले सुटताना गुंडाळीतून उसळणारा दाब तो जिरवतो आणि स्विचचे संपर्क ठिणगीपासून वाचतात. रिलेच्या ८७ वरून निघालेली वायर रोधकातून चारही पट्ट्यांच्या धन बाजूला जावी. स्विचमधला चालू-दर्शक दिवाही ८७ वरच, पण रोधकाच्या आधी घ्यावा आणि त्याची दुसरी बाजू अर्थ करावी. तो एलईडी असेल आणि आत रोधक नसेल तर १ किलोओहम बाहेरून घालावा. ८७ए ही पिन रिकामी सोडून तिच्यावर स्लीव्ह चढवावी.

अर्थसाठी रंग नसलेला, थेट पत्र्यात आवळलेला बोल्ट निवडावा. त्या बोल्टापासून बॅटरीच्या ऋण वायरच्या काढलेल्या टोकापर्यंत रोध मोजला तर तो १ ओहमपेक्षा कमी यायला हवा. नुसता स्क्रू फिरवून केलेला अर्थ पहिल्या पावसाळ्यातच गंजतो. पावसात ओल्या चपला नेमक्या दिव्यांखालीच निथळतात, म्हणून पट्टी सिलिकॉनचे आवरण असलेली घ्यावी आणि प्रत्येक सोल्डर जोडावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी. पट्टी चिकटवण्यापूर्वी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. चिकट थरावर एकट्यावर विसंबू नये, दोन टोकांना बारीक केबल टायही द्यावेत.

वायर ओढताना सर्वांत जास्त वेळ चालकाच्या बाजूला द्यावा, कारण तिथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्या पॅडलच्या वाटेत किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळ वायरचा एकही लोंबता वेढा नसावा. पॅडल पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि आसन रुळावर पुढे-मागे सरकवून वायर कुठे घासते का ते पाहावे. मागच्या आसनांकडे जाणारी वायर दाराच्या उंबरठ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून, मूळ वायरिंगच्या शेजारून न्यावी आणि कापडी टेपने गुंडाळावी, म्हणजे ती खडखडत नाही. दिवे असे लावावेत की उजेड गालिच्यावर पडेल, पण चालकाच्या नजरेला दिवा स्वतः दिसणार नाही. रंग पिवळसर पांढरा ठेवावा. लाल-निळा प्रकाश बाहेरून पाहणाऱ्याची दिशाभूल करतो.

शेवटी बॅटरी जोडावी. नव्या फ्यूजच्या जागी मीटर १० अँपिअरच्या पल्ल्यावर लावून इंजिन आणि दिवे चालू करावेत. साधारण ०.६ ते ०.७ अँपिअर दिसले तर जोडणी हिशेबाप्रमाणे आहे. आकडा बराच जास्त असेल तर फ्यूज घालण्याआधी कुठे वायर पत्र्याला टेकली आहे ते शोधावे. स्विच बंद केल्यावर आकडा शून्य यायलाच हवा. मग फ्यूज घालून दिवे अर्धा तास चालू ठेवावेत आणि रिले, रोधक, अर्थचा बोल्ट यांना हात लावून पाहावा. रोधक गरम लागेल, बोल्ट मात्र थंड असायला हवा. तो कोमट झाला असेल तर तिथला पत्रा पुन्हा घासून वायरच्या टोकाची कडी (लग) नव्याने आवळावी.