तुरटी आणि मीठ मिसळलं तर

खडेबाजारातून आणलेली तुरटीची पूड नि मीठ पिशवीतच एकत्र झालं, आई म्हणाली टाकून दे की. टाकू नका!

१. 150 ग्रॅम तुरटी नि 100 ग्रॅम मीठ असेल तर साधारण 350 मिली पाणी, स्टीलच्या पातेल्यात चांगलं तापवून सगळं विरघळवा, कचरा असला तर गरम असतानाच फडक्यातून गाळा.
२. हलवू नका, रात्रभर थंड होऊ द्या, आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत तर झकास. थंड पाण्यात तुरटी 100 मिलीला जेमतेम 12 ग्रॅम राहते, मीठ 36, म्हणून सकाळी तळाला तुरटीचेच चकचकीत खडे.
३. खडे गाळून फ्रीजच्या चमचाभर पाण्याने धुवा.

उरलेलं खारं पाणी आटवून मीठ मिळेल पण त्यात तुरटी असतेच, जेवणात अजिबात वापरू नका.