एआय शिकताना वाचलेली पुस्तकं, ऐकलेले पॉडकास्ट आणि सारांशांनी केलेला घात

‘कामात एआय वापरायचंय, काय वाचू, काय ऐकू?’ असं टीममधलं कुणी नवीन विचारतं तेव्हा मला आधी ती मीटिंग आठवते. स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत ‘४० टक्के’ लिहिलं होतं. एआय वापरणाऱ्यांच्या कामाचा दर्जा ४० टक्क्यांनी वाढतो, एआयवर लिहिणारे प्राध्यापक ईथन मॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून हे दाखवलंय, असं मी ठासून सांगितलं. आमच्या वरिष्ठ मॅडमनी एकच विचारलं, ‘कुठल्या कामात?’

मला उत्तर देता आलं नाही. मॉलिक यांचं ‘को-इंटेलिजन्स’ हे पुस्तक मी वाचलंच नव्हतं, तो अभ्यासही उघडून पाहिला नव्हता. दोन्हींचा दोन पानी सारांश चॅटबॉटकडून काढून घेतला होता. तो इतका सुबक होता की आपल्याला सगळं कळलंय असंच मला वाटत होतं.

खरा अभ्यास मी नंतर वाचला. २०२३ सालचा आहे. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमधल्या ७५८ सल्लागारांना त्यात कामं दिली होती, काहींना जीपीटी-४ (चॅटजीपीटीमागचं तेव्हाचं एआय मॉडेल) सोबत, काहींना त्याच्याशिवाय. ठरावीक १८ कामांमध्ये एआयवाले सुमारे २५ टक्के जलद होते आणि त्यांच्या कामाचा दर्जा ४० टक्क्यांहून अधिक सरस होता. इथवर माझी स्लाइड बरोबर होती. पण संशोधकांनी आणखी एक काम मुद्दाम वेगळं बेतलं होतं. त्यात आकड्यांचा तक्ता आणि मुलाखतींच्या नोंदी एकत्र वाचल्या तरच खरं उत्तर सापडणार होतं. तिथे एआयशिवाय काम करणाऱ्यांपैकी ८४ टक्के बरोबर आले आणि एआय वापरणाऱ्यांपैकी ६० ते ७० टक्केच. मॉलिक याला करवतीच्या दात्यांसारखी सीमारेषा म्हणतात: एखादं अवघड काम ती यंत्रणा लीलया करते आणि त्याला लागून असलेल्या, बाहेरून तितक्याच किंवा त्याहून सोप्या दिसणाऱ्या कामात आपटते. रेषा कुठून जाते हे बाहेरून दिसत नाही.

माझ्या सारांशात हा दुसरा भाग नव्हता. आणि आमचं काम नेमकं त्या दुसऱ्या प्रकारातलं. ग्राहकांच्या तक्रारींचे आकडे आणि त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मजकूर शेजारी ठेवून आम्ही महिन्याचा अहवाल करतो. त्या मीटिंगनंतर अहवालाचा पहिला खर्डा एआयने करायचा असं ठरलं. दुसऱ्याच महिन्यात अहवालात आलं की ‘उशिरा पोच’ या तक्रारी निम्म्यावर आल्या. वाक्यरचना सुरेख, आलेख नेटका. प्रत्यक्षात तक्रारीच्या फॉर्ममधले पर्याय त्या महिन्यात बदलले होते आणि उशिराच्या तक्रारी ‘इतर’मध्ये जाऊन पडत होत्या. मजकुराच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘अजून आलं नाही’, ‘आठ दिवस झाले’ असं लिहिलेलं होतं. मी तो अहवाल वाचून पुढे पाठवला होता. अभ्यासाचा दुसरा भाग माहीत असता तर मी तो रकाना उघडला असता, हे मला अजून सलतं.

म्हणून सारांशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवीन माणूस हमखास इथेच फसतो. तुम्ही चॅटबॉटला नुसतं पुस्तकाचं नाव सांगता तेव्हा तो पुस्तक उघडून वाचत नाही. त्या पुस्तकाबद्दल जिथे-तिथे जे लिहिलं गेलंय, त्यातून शिकलेल्या ढाच्यावरून पुढचा शब्द, मग त्याच्या पुढचा, असा तो मजकूर रचत जातो. ज्या दाव्याचा सगळ्यांनी गाजावाजा केला तो ठळक येतो, लेखकाने दहाव्या प्रकरणात घातलेली अट गळते. मी एकदा प्रकरणांची यादी मागितली तर त्यात अस्तित्वात नसलेलं एक प्रकरण आलं, पृष्ठक्रमांकासकट. बरं, संपूर्ण मजकूर तुम्ही त्याला दिला तर? बनावट प्रकरणाचा धोका पुष्कळ कमी होतो, पण तीनशे पानांची दोन पानं करताना सगळ्यात आधी ‘पण’, ‘फक्त’, ‘या परिस्थितीत’ हे शब्द जातात. कामात उपयोगी पडणारं ज्ञान याच शब्दांत असतं. शिवाय गळलेलं काय, हे सारांश वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. चुकीचं वाक्य निदान डोळ्यांना खटकतं. नसलेलं वाक्य कसं खटकणार?

पुस्तक वाचून झाल्यावर उजळणीसाठी सारांश खुशाल काढा. मीही काढते. वाचण्याआधी मात्र नको.

आता पुस्तकं. सुरुवात ‘को-इंटेलिजन्स’नेच करा. २०२४ सालचं आहे, छोटं आहे, मॉलिक अमेरिकेतल्या व्हार्टन या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात आणि स्वतः रोज वापरून पाहिलेलं लिहितात. त्यांचा एक नियम मला फार उपयोगी पडला: आज तुमच्या हातात असलेला एआय हा तुम्ही यापुढे कधीही वापराल त्यांतला सगळ्यात कच्चा एआय असेल असं धरून चाला. त्यामुळे ‘हे त्याला जमत नाही’ अशी नोंद मी आता तारीख घालून करते आणि काही महिन्यांनी तेच काम पुन्हा देऊन पाहते.

त्यानंतर मेलनी मिचेल यांचं ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स: अ गाइड फॉर थिंकिंग ह्यूमन्स’. हे २०१९ चं, म्हणजे चॅटजीपीटी यायच्या तीन वर्षं आधीचं. जुनं म्हणून सोडून देऊ नका. त्यात त्यांच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आहे. फोटोत प्राणी आहे की नाही हे ओळखायला त्याने एक यंत्रणा शिकवली आणि ती छान ओळखू लागली. खोलात गेल्यावर कळलं की यंत्रणा बऱ्याच अंशी प्राण्याकडे बघतच नव्हती. प्राण्यांच्या फोटोंमध्ये मागचा भाग धूसर असतो, निसर्गदृश्यांमध्ये नसतो, तेवढंच तिने हेरलं होतं. ही दोन पानं वाचून मी आमच्या तक्रारी वर्गवार लावणाऱ्या यंत्रणेकडे परत गेले आणि तक्रारीतली काही वाक्यं मुद्दाम बदलून पाहिली. रागाची भाषा सौम्य केली की ‘तातडीची’ तक्रार ‘साधी’ होत होती. तक्रार तीच होती.

‘एआय स्नेक ऑइल’ (अरविंद नारायणन आणि सायश कपूर, २०२४) हे साहेब लोकांना आधी वाचायला द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सायकल, बस, अंतराळयान या सगळ्यांना ‘वाहन’ हा एकच शब्द असता तर वाहनांवरच्या चर्चेचा किती गोंधळ झाला असता, इथून ते सुरू होतं. मजकूर लिहिणारा एआय वेगळा आणि अमुक उमेदवार नोकरीत टिकेल का, याचं भाकीत करणारा वेगळा. दुसऱ्याबद्दल लेखक फार कडक आहेत, आणि ते मला पटतं. कुणी तुम्हाला सॉफ्टवेअर विकायला आलं तर यातलं कोणतं वाहन आहे, एवढं विचारलंत तरी पुष्कळ झालं.

‘प्रेडिक्शन मशीन्स’ (अग्रवाल, गान्स, गोल्डफार्ब, २०१८) अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलंय. अंदाज बांधणं स्वस्त झालं की निर्णयातल्या विवेकाची किंमत वाढते, हा त्याचा गाभा. मधली काही प्रकरणं चाळली तरी चालतील.

पॉडकास्टबद्दल माझा थोडा हट्ट आहे: दुप्पट वेगाने ऐकू नका. मी तीन-चार महिने तसं ऐकलं आणि नावांपलीकडे डोक्यात काही उरलं नाही. ‘मी, मायसेल्फ अँड एआय’ हा एमआयटी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यूचा पॉडकास्ट नवीन माणसाला सगळ्यात सोयीचा. भाग साधारण अर्ध्या तासाचे असतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांतली माणसं आपण एआय कुठे आणि कसा लावला ते सांगतात. पाहुणे अर्थातच आपलं यश जास्त सांगणार, तेवढं धरून ऐका. ‘प्रॅक्टिकल एआय’ थोडा तांत्रिक आहे, पण प्रत्यक्ष राबवणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. बातम्यांसाठी केविन रूस आणि केसी न्यूटन यांचा ‘हार्ड फोर्क’ पुरेसा आहे. बातम्यांचा दुसरा पॉडकास्ट जोडू नका. मी चार जोडले होते. रोज काहीतरी सुटतंय ही धाकधूक वाढली, शिकणं काहीच वाढलं नाही.

एक व्हिडिओ या सगळ्यांच्या तोडीचा आहे. एआय संशोधक आंद्रेय कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅटबॉटमागची ही भाषिक मॉडेल्स कशी घडतात हे साडेतीन तासांत समजावलंय. तीन-चार बैठकांत बघा, वही-पेन घेऊन. मॉडेल ठणकावून खोटं का बोलतं, हा भाग बघितल्यावर सारांशाबद्दलची माझी चिडचिड जरा निवळली. ते मुद्दाम फसवत नाही. माहीत नाही असं म्हणायला त्याला वेगळं शिकवावं लागतं.

‘१०० जादुई प्रॉम्प्ट’ (म्हणजे एआयला द्यायच्या तयार सूचना) छापाच्या पुस्तिका घेऊ नका. दुसऱ्याच्या कामासाठी लिहिलेला प्रॉम्प्ट तुमच्या कामाबद्दल काहीच जाणत नाही. आणि रोज नवीन लिंक पाठवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा महिन्यातून एकदा समोर बसवून ‘यातलं काय करून पाहिलंस?’ विचारणारा माणूस शोधा. मला तो मॅडमच्या रूपाने मिळाला, आणि त्या स्वतः एआय फारसा वापरत नाहीत.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर सांगते, गणित आणि प्रोग्रामिंग न येता मी इथवर आले. वर दिलेल्या पुस्तकांपैकी एकालाही त्यांची गरज नाही. दिवसाला पंधरा पानं वाचा आणि वाचलेल्या एका तरी गोष्टीची चाचणी त्याच आठवड्यात आपल्या खऱ्या कामावर घ्या. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असं जुनं काम निवडा, म्हणजे चूक लगेच दिसेल. माझ्या वहीत त्यासाठी तीन रकाने आहेत: काय विचारलं, काय आलं, कुठे चुकलं. पहिले दोन आठवडे तिसरा रकाना रिकामा राहिला तर खूश होऊ नका. बहुधा तुम्ही सोपंच विचारताय.

‘लेटंट स्पेस’ नावाचा पॉडकास्ट तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. तो हे तंत्रज्ञान बांधणाऱ्या इंजिनिअरांसाठी आहे आणि चांगलाच आहे, पण पहिले सहा महिने बाजूला ठेवा. मी पहिल्याच आठवड्यात तो लावला, काही कळेना, आणि हे आपल्याला जमायचं नाही असं ठरवून पुढचा महिनाभर काहीच उघडलं नाही.