मडफ्लॅपचं माप भरलेल्या गाडीवर घ्या

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात ट्रेलरसाठी मडफ्लॅप (चाकामागे टांगलेला, चिखल अडवणारा रबरी पडदा) घेताना आधी हातात दुमडून बघा. चांगलं रबर सोडलं की सरळ होतं. दुमडीवर बारीक तडे दिसले तर घेऊच नका. रुंदी टायरपेक्षा कमी नको, मागच्या जोडटायरला साधारण २४ इंच लागतात.

खरा घोळ लांबीत होतो. रिकामी गाडी उंच उभी असते; माल भरला की स्प्रिंगा बसतात आणि फ्लॅप रस्त्याला घासून झिजतो. म्हणून माप माल भरल्यावर घ्या आणि खाली ८-१० इंच मोकळे सोडा. टायरला चिकटूनही लावू नका. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात भयंकर चिकट, फटीत तिचे गोळे बसतात. शिवाय रिव्हर्स घेताना टायर फ्लॅपवर चढला तर तो ब्रॅकेटसकट उपटून निघतो. वीतभर अंतर हवंच.

भोकं सुरीने कापू नका, पंचने गोल पाडा. चिरेच्या कोपऱ्यातून रबर फाटत जातं. बोल्ट नुसत्या रबरावर आवळू नका, वरून लोखंडी पट्टी द्या म्हणजे ताण सगळीकडे सारखा बसतो. नट नायलॉकचेच घ्या, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सहज न सुटणारे. रबर दबलं की पकड ढिली पडते, तेव्हा पहिल्या फेरीनंतर एकदा पाना फिरवा.