भात: पंप उचलण्याआधी चुडाचा बुंधा बघा

गणपतीच्या सुमारास मावळ, मुळशी, भोर, वेल्हे पट्ट्यात पाऊस उघडीप देतो, आभाळ मात्र भरलेलंच राहतं. अशा दमट, कोंदट हवेत तपकिरी तुडतुडे भराभर वाढतात. म्हणून आज बाकीचं मागे ठेवून आधी हेच सांगतो: खाचरात उतरा.

बांधावरून इंद्रायणी जातीचं भात हिरवंगार दिसतं आणि तुडतुडे खाली पाण्यालगत बुंध्याला चिकटून रस शोषत असतात. मग एक दिवस खाचराच्या मधोमध गोल चट्टा जळालेला दिसतो. दरवर्षी कुणाचं तरी हातातोंडाशी आलेलं भात असं जाताना बघतो, आणि दरवेळी एकच गोष्ट राहिलेली असते: बुंधा कुणी बघितलेलाच नसतो.

दोन-तीन दिवसांआड वीसेक चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका म्हणजे चूड) वेगवेगळ्या जागी वाकवून हाताने थोपटा. तुडतुडे पाण्यावर पडतात, ते मोजा. कोळीही मोजा. लांडगा कोळी पाण्यावर पळत तुडतुडे पकडतो. हिरवट मिरीड ढेकूण त्यांची अंडी शोषतो. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक किडे) वरून टिपतात. ही राखण फुकटची आहे.

आणि तीच आपण लवकर मारून टाकतो. लावणीनंतर महिनाभरात पानं गुंडाळलेली दिसली की दुकानदार सायपरमेथ्रीनसारखं औषध आणि वर टॉनिकची बाटली हातात देतो. त्या वयात भात नवी पानं काढून नुकसान भरून काढतं. पहिले 30-40 दिवस पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी सहसा फवारणी लागत नाही. फवारलं तर कोळी मरतात, पण तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. आठवडाभराने पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं कुणी उरलेलं नसतं. ज्यांनी यंदा असं फवारलंय, त्यांनी रोज बघावं. युरिया जास्त पडलेल्या खाचरातही तेच.

माझा एक अंदाज, शिफारस नव्हे: सकाळी दहिवरात भातावर कोळ्यांची जाळी दाट चमकत असतील, तर मी आणखी दोन दिवस थांबून पुन्हा मोजतो.

बाकीची कामं:
- गाभेमर (खोडकिड्याने गाभा सुकवलेले) फुटवे उपटून नष्ट करणे
- खोडकिड्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), हेक्टरी 20
- ट्रायकोग्रामा जापोनिकम (खोडकिड्याच्या अंड्यांवर वाढणारा मित्रकीटक) याची कार्डं, हेक्टरी 50 हजार अंडी. कार्ड लावल्यावर फवारणी नाही
- पक्षिथांबे
- खेकड्यांची बिळं बुजवणे
- सुरळीतील अळी असेल तर दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडणे, मग पाणी काढणे

चुडाला 5 ते 10 तुडतुडे भरले आणि कोळी तुरळकच असतील, तर थांबू नका. आधी खाचरातलं पाणी तीन-चार दिवस काढा. मग बुप्रोफेझीन 25 एससी 16 मिली किंवा पायमेट्रोझिन 50 डब्ल्यूजी 6 ग्रॅम, यांपैकी एकच, 10 लिटर पाण्यात. दोन औषधं एकत्र करून देणाऱ्याला सरळ नाही म्हणा. बुप्रोफेझीन पिल्लांवर चालतं, मोठे तुडतुडे लगेच पडत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा दुकानात जाऊ नका. नोझल खाली धरा, भात हाताने बाजूला सारत फवारा बुंध्यावरच घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तेच चूड पुन्हा थोपटून मोजा.